प्रोजेक्टर मी निवडणार

४ एप्रिल, सकाळी

प्रोजेक्टर गेला. काल संध्याकाळी, चालू सिनेमात. बाई दार उघडायला उठली, कडीला हात लावला, आणि भिंत काळी. मग जळका वास. मुलगा म्हणाला, दिवा गेला असेल. सून म्हणाली, सुटलो. हळू म्हणाली, पण माझे गुडघे गेलेत, कान नाहीत.

नोंद करून ठेवते: ह्यात माझा काही हात नाही.

हे सगळं मी फोनला सांगते आहे. मी बोलायचं, त्याने लिहायचं. नातीने हॉस्टेलला जाताना सोय करून दिली. म्हणाली, आजी, तुला दिवसभर बोलायला कोणीतरी लागतंच, तर ह्याच्याशी बोल. हरवणार नाही, मी बंदोबस्त केलाय. बंदोबस्त कसला ते विचारलं नाही. मोठ्या माणसाने बारीकसारीक विचारू नये. फोनने लिहिलेलं मला वाचता येत नाही, आणि दुसरं कोणी वाचायचा प्रश्न नाही. म्हणजे खरं बोलायला हरकत नाही. खरं मी एरवीही बोलतेच.

४ एप्रिल, दुपारी

जेवताना विषय निघाला. मुलगा म्हणाला, मोठा टीव्ही घेऊन टाकू, कटकट मिटेल. सून म्हणाली, खालची खोली शिकवणीला मिळाली तर बरं होईल, मुलांना जिन्यात बसावं लागतं. मी म्हटलं, टीव्ही म्हणजे टीव्ही आणि थिएटर म्हणजे थिएटर. प्रोजेक्टरच येणार आणि तो मी निवडणार.

मुलगा म्हणाला, "बरं आई, तू निवड." रडणाऱ्या पोराच्या हातात चमचा देतात त्या सुरात म्हणाला. पण अधिकार दिला, हे महत्त्वाचं.

आणि अधिकार माझाच आहे. आमचे हे एकोणतीस वर्षं टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. केबिनमधल्या स्टुलावर बसून मी जेवढे सिनेमे पाहिले, तेवढ्या वेळा ह्या घरातल्या लोकांनी डोळे तरी मिटले नसतील. टॉकीज मोडली तेव्हा ह्यांनी तिथल्या सहा खुर्च्या आणल्या, गाडीच्या खोलीच्या भिंती काळ्या रंगवल्या आणि थिएटर केलं. खुर्च्या बसताना कुरकुरतात. घरातल्या इतर माणसांसारख्या.

परदेशी सिनेमात खाली अक्षरं येतात. ती हे माझ्या कानाशी वाचायचे. हे गेले तेव्हा नात सात वर्षांची, नुकती वाचायला लागलेली. ह्यांच्या खुर्चीत ती बसली. माझ्या उजव्या कानाशी. बारा वर्षं वाचलंन तिने. त्यातूनच तर तिचं वाचन सुधारलं. माझे उपकार आहेत, पण मी बोलून दाखवत नाही.

ती दोन मेला येणार आहे, आठ दिवस. त्याआधी भिंतीवर चित्र दिसलं पाहिजे. माझ्यासाठी नाही. तिला माझ्या कानाशी वाचल्याशिवाय सिनेमा पाहिल्यासारखा वाटत नाही. मला काय, मी चेहरे बघूनही समजते. कालची ती बाई दार उघडायला का उठली एवढंच फक्त कळलेलं नाही.

६ एप्रिल

मेकॅनिक आला. प्रोजेक्टर उघडला. म्हणाला, गरम हवा बाहेर पडायची जाळी बुजलीय. चिमट्याने एकेक करून लाल धागे काढले आणि वर्तमानपत्रावर मांडले, पोलिसांनी पुरावा मांडावा तसे. ह्याच्यावर काही ठेवत होतात का, म्हणाला.

मी म्हटलं, नाही. खोटं नाही बोलले. ठेवत नव्हते, घालत होते. कव्हर.

टॉकीजच्या पडद्याची मखमल होती माझ्याकडे. तिचं आतून कापूस घालून शिवलं होतं. सिनेमा संपला रे संपला की घालायचे, धूळ बसू नये म्हणून. हेही मशीनवर रोज कापड घालायचे. ते मशीन एकोणतीस वर्षं चाललं. हे तीन वर्षांत गेलं, म्हणजे दोष कशात आहे ते उघड आहे. हल्लीच्या वस्तूंना प्रेम सोसत नाही.

सून माझ्याकडे बघत होती. मी छताकडे बघत होते. मेकॅनिक म्हणाला, दुरुस्तीत अर्थ नाही, नवाच घ्या. जाताना धागे पुडीत बांधून सुनेच्या हातात दिलेन. कशाला?

निश्चय: सुनेला ह्या महिन्यात टोचून बोलायचं नाही.

६ एप्रिल, संध्याकाळी

टोचून बोलले. पण सुरुवात तिची होती.

१० एप्रिल

दुकानात गेले. मुलगा गाडीत बसून राहिला, त्याला म्हणे फोन होते. दुकानदार पन्नाशीचा, कानावर पेन, आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा. लुमेन सांगायला लागला. लुमेन म्हणजे उजेड. म्हटलं, उजेड डोळ्यांना दिसतो, आकडा कशाला? कुठला पंखा सर्वांत कमी वाजतो ते दाखवा.

आतल्या अंधाऱ्या खोलीत चार लावले. प्रत्येकाचा पंखा कान लावून ऐकला. मग त्याला म्हटलं, आता इथे शेजारी बसा आणि खालची अक्षरं माझ्या कानाशी वाचा. हळू.

बावचळला. पण गिऱ्हाईक म्हणून बसला. वाचलंनही. भिंतीवर एक नवरा बायकोची क्षमा मागत होता आणि हा माझ्या कानात "मला माफ कर" असं म्हणाला, जणू गाडी एक तास उशिरा धावते आहे.

चारही नापास केले. पंखे वाजतात.

१३ एप्रिल

पुन्हा दुकान. आणखी तीन. दुकानदाराला म्हटलं, वाचताना जरा जीव ओता. तो म्हणाला, आजी, मी प्रोजेक्टर विकतो. ह्या उत्तराने मी समजून चुकले की माणसाला धंद्यात रस नाही.

तिन्ही नापास. पंखे.

मुलगा म्हणाला, आई, तुला नक्की काय हवंय? म्हटलं, शांतता. तो म्हणाला, आम्हालाही.

१६ एप्रिल

दुकानदाराने फोनवर सांगितलं की प्रोजेक्टरपासून भिंत किती लांब आहे ते मोजा, त्यावर चित्राचा आकार ठरतो. सून टेप आणायला निघाली. मी म्हटलं, टेप कशाला? हे पावलांनी मोजायचे. पावलांनी मोजलं. अकरा पावलं. कळवलं. एवढ्या लांब खोलीत चित्रही मोठं हवं म्हणून त्याने मोठं चित्र फेकणारा प्रोजेक्टर ट्रायलसाठी पाठवला.

लावला. खोलीभर चित्र. नायकाची हनुवटी भिंतीवर, कपाळ छतावर आणि एक कान दाराबाहेर जिन्यात. शिकवणीची मुलं तो कान बघायला जमली.

लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. पण इथे अंगण खरंच वाकडं आहे. भिंत लहान पडते. पूर्वी एवढी लहान नव्हती.

सुनेने नंतर टेप लावली. म्हणाली, तुमची पावलं आता लहान पडतात. ती हे प्रेमाने म्हणाली असं मुलाचं मत. त्याला प्रेमाची पारख असती तर बाहेर गाडीत बसला नसता.

१८ एप्रिल, दुपारी

नातीला फोन केला. तिला आनंद व्हावा म्हणून सांगितलं की तुझ्यासाठी पंखा न वाजणारा प्रोजेक्टर शोधते आहे. ती चालत होती, मागे गाड्यांचे आवाज. म्हणाली, अगं आजी, हल्ली सगळ्या सिनेमांना मराठी आवाज मिळतात, वाचायची गरजच नसते. मग म्हणाली, क्लासला उशीर होतोय, ठेवू?

ठेव म्हटलं.

आता शांतपणे लिहून ठेवते. मला राग आलेला नाही. मला कोणी वाचून दाखवायची गरज नाही. कधीच नव्हती. तिच्या हौसेखातर मी बारा वर्षं ऐकून घेतलं. अडखळायची, नको ते गाळायची, मनचं घालायची. एकदा भिंतीवरचा इन्स्पेक्टर म्हणे, "जिने गोळी घेतली नसेल त्या आजीला अटक करा." मला काय कळत नव्हतं? त्यापेक्षा वाचणारं मशीन मिळालं तर किती बरं. मशीन घाईत नसतं, तोंड वेंगाडत नाही आणि हॉस्टेलला जात नाही.

निश्चय: आठवडाभर तिला फोन करायचा नाही. होऊ दे तिची तगमग.

१८ एप्रिल, संध्याकाळी

फोन केला. उचलला नाही. रेंज नसेल.

२१ एप्रिल

अजून उचलत नाही. सुनेशी मात्र बोलली म्हणे, दहा मिनिटं. मी कुठे होते? आंघोळीला. माझी आंघोळीची वेळ तिला पक्की ठाऊक आहे, त्यामुळे हा योगायोग आहे.

आज एक गोष्ट आठवली. शो संपल्यावर हे अर्धा तास केबिनमध्ये बसून राहायचे. एकटेच, विडी ओढत. मी समजायचे, घरी यायचा कंटाळा. ह्या अर्ध्या तासावरून आम्ही एकोणतीस वर्षं भांडलो. ते म्हणायचे, मशीन गार होऊ दे, मग कापड घालतो. मी म्हणायचे, मशीनची काळजी आहे, बायको ताट वाढून बसलीय तिची नाही.

खरंच गार होऊ देत होते.

हे कोणाला सांगायची गरज नाही. विशेषतः पुडी जपून ठेवणाऱ्यांना.

२४ एप्रिल

आम्ही दुकानात शिरलो तसा दुकानदार पडद्याआड गेला. पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. मी बुटांशी बोलले. शेवटी आला बाहेर.

आज लेझरचा दाखवला. दिवा जातच नाही म्हणे, वीस वर्षं चालेल. म्हटलं, मी चालणार नाही, दुसरा दाखवा. मुलगा हसला. आज पहिल्यांदा दुकानात आत आला होता. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि घड्याळ बघत होता. त्याला विचारलं, लहानपणी केबिनमध्ये यायचास, आठवतं? तो म्हणाला, आठवतं, झोप यायची, तुम्ही दोघं कुजबुजत बसायचात आणि मला काही ऐकू यायचं नाही.

चाळीस वर्षांत हे बोलला नव्हता. मी प्रोजेक्टरकडे लक्ष दिलं.

२७ एप्रिल

निवडला. तीन आठवडे अभ्यास करून, बारा प्रोजेक्टर बघून, मी एकटीने निवडला. पांढरा, बुटका, जवळून चित्र फेकणारा. भिंतीशी ठेवला की झालं, पावलं मोजायला नकोत. पंखा इतका हळू की शेजारी कोणी उसासा टाकला तरी कळेल. दुकानदाराने कान पकडून सांगितलं, तीस तारखेला घरी.

दोन खुर्च्या पुसून घेतल्या. डावी माझी, उजवी तिची. तिच्या खुर्चीच्या बिजागरीत शिवणयंत्राचं तेल घातलं, कुरकुर गेली. माझी राहू दिली. अर्धा राहिलेला सिनेमाच लावायचा. बाई अजून कडीला हात लावून उभी आहे बिचारी.

ती आधी लटकी रागावेल. मग वाचेल. मला तिचा स्वभाव पाठ आहे.

२९ एप्रिल

सुनेने सांगितलं, ऑर्डर रद्द केली. मी म्हटलं, कोणाच्या परवानगीने? म्हणाली, नातीचा फोन आला होता. आजीचा प्रोजेक्टर मी आणणार, माझ्या शिष्यवृत्तीतून, आजीला हवा तसाच.

बघा. म्हणजे तिला धीर धरवत नाहीये. माझ्या निवडीत तिने लक्ष घातलं ते मी मोठ्या मनाने चालवून घेतलं. मला कसा हवा हे तिला कसं कळलं, हा मात्र प्रश्न आहे. रक्ताचं नातं, दुसरं काय.

२ मे

आली. वाळली आहे. केस कापले. मला मिठी मारली, पण पटकन सोडली. थकली असेल. खोकं दाखवत नाही, उद्या म्हणाली.

मी तिला खालची खुर्ची दाखवली. बसून बघ म्हटलं, कुरकुर गेली. ती म्हणाली, "छान. तिथे बाबा बसतील."

चेष्टा करते.

३ मे, संध्याकाळी

सगळं जसं झालं तसं सांगते.

प्रोजेक्टर काळा, छोटा. तिने स्वतः लावला. टेपने मोजून. चित्र भिंतीत नेमकं बसलं, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. पंख्याचा आवाज नाही. मग तिने माझ्या उजव्या कानात एक बटणासारखं काहीतरी बसवलं. म्हणाली, खालची अक्षरं आता हा स्वतः वाचेल, तुझ्या एकटीच्या कानात.

लावला तो अर्धा सिनेमा. कानात एक बाई बोलायला लागली. स्वच्छ मराठी. अडखळत नाही. गाळत नाही. नवरा मेला तरी तोच आवाज, चहा घेणार का विचारलं तरी तोच आवाज.

ती बाई उठली. कडीला हात लावला. कानातली म्हणाली, "कोण आहे." दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. एवढ्यासाठी महिनाभर थांबले होते.

मी नातीकडे वळून पाहिलं. ती माझ्या मागच्या रांगेत होती. म्हटलं, हे कोणी सुचवलं तुला?

ती म्हणाली, "तूच. तुझी फोनमधली वही माझ्याकडे पण उघडते, आजी. हरवू नये म्हणून मी जोडून ठेवली होती. मशीन घाईत नसतं, तोंड वेंगाडत नाही, असं तूच म्हणालीयस."

मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मला बारा वर्षं वाटत होतं, तुला आवडतं."

ह्याच्यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. जिभेवर होतं. कानातली बाई मध्येच म्हणाली, "समाप्त."

मी म्हटलं, छान केलंस.

उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच माझं चुकलं. टाळ्याच्या जागी फोन होता, हा फरक.

५ मे

तिने वही पाहिली म्हणजे पावलं पाहिली, कव्हर पाहिलं, तो अर्धा तास पाहिला. सुनेबद्दलचंही पाहिलं. कोणाला काही बोललेली नाही. काल बाबांशेजारी बसून सिनेमा बघितला, दोघं हसत होते. विनोद झाला की मलाही कळत होता. आधी कानात यायचा, मग ते हसायचे. कधी ते हसून झाल्यावर कानात यायचा.

तिला म्हटलं, आज बटण दुखतंय कानात. तिने लगेच मऊ रबराचं दुसरं बसवलं. सोबत तीन मापं आली आहेत.

निश्चय: उद्या तिच्याशी सरळ बोलायचं.

६ मे

तिला मैत्रिणीकडे जायचं होतं. उद्या.

७ मे

दोन दिवस आधी निघाली. प्रोजेक्ट आहे म्हणे कॉलेजात. निघताना वाकून म्हणाली, वही तोडलीय आजी माझ्याकडून, आता पुन्हा वाचणार नाही, मनमोकळं बोल.

मी म्हटलं, बरं.

शब्दाची पक्की आहे पोरगी. माझ्यावर गेली असती तर वाचलं असतं.

९ मे

दुपारी सून खाली आली. शिकवणी नव्हती. उजव्या खुर्चीत बसली. खुर्ची वाजली नाही. म्हणाली, ते काढा कानातलं, मी वाचते. म्हटलं, कशाला, मशीन आहे की. पाच मिनिटं बसली आणि गेली. तिला काम असतं. मी कोणाच्या उपकारात राहत नाही.

१० मे

प्रोजेक्टर उत्तम आहे. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. आठ दिवसांत एक चूक नाही. नाव ठेवायला जागा नाही.

मखमलीचा एक तुकडा उरला होता तो ट्रंकेतून काढला. शिवणयंत्राला तेल घातलं. कव्हर शिवते आहे. आतून कापूस, ह्या वेळी दुहेरी. सिनेमा संपला रे संपला की घालायचं.

ह्या खोलीत धूळ फार आहे.